मंजूर झालेल्या चुका

कुठल्याही मेडिकल कोडरला विचारा, सगळ्यात जास्त धास्ती कशाची? उत्तर येईल, डिनायलची. विमा कंपनीने बिल नाकारलं, ते परत आलं, टीम लीडने बोलावून घेतलं, महिन्याचा क्वालिटीचा आकडा घसरला. सुरुवातीची कैक वर्षं मीही हेच सांगितलं असतं. आता नाही सांगत. नाकारलेलं बिल बोंब मारत परत येतं आणि काय चुकलं ते कुणी ना कुणी शोधतंच. ज्या चुकांचे पैसे बिनबोभाट मिळाले, त्या किती झाल्या हे मला आजही सांगता येणार नाही. हे लिहिते आहे ते मुख्यतः त्यांच्याबद्दल.

मी पुण्यात बसून अमेरिकेतल्या युरॉलॉजी डॉक्टरांच्या बिलांचं कोडिंग करते. घरच्यांना या कामाचा अर्थ अजून नीट लागलेला नाही. आई शेजारणींना ‘अमेरिकेच्या दवाखान्याचं कॉम्प्युटरवर काहीतरी’ असं सांगते, आणि ते फारसं चुकीचंही नाही. शस्त्रक्रिया झाल्यावर डॉक्टर वृत्तान्त लिहितो, आम्ही त्याला ऑप नोट म्हणतो. ती वाचायची. काय केलं त्याला सीपीटी कोड, कशासाठी केलं त्याला आयसीडी कोड. सीपीटी ही अमेरिकन मेडिकल असोसिएशनची १९६६ पासूनची मिळकत. पाच आकड्यांचे कोड, दर १ जानेवारीला त्यांत भर आणि काटछाट. निदानाचे कोड बदलतात मुख्यतः १ ऑक्टोबरला. कोडच्या शेवटी गरजेप्रमाणे मॉडिफायर जोडायचा : डावी बाजू, उजवी बाजू, दोन्ही बाजू, त्याच दिवशी पण वेगळं, आधीच्या ऑपरेशनशी संबंध नाही, वगैरे. विमा कंपनीकडे सहसा एवढंच जातं. ऑप नोट तिथे कुणी वाचत नाही, मागवली तरच. म्हणजे त्या खोलीत काय घडलं हे विमा कंपनीला कळतं ते माझ्याकडून, आणि मी त्या खोलीत नव्हते.

युरॉलॉजीत घोळ जास्त होतो, कारण मूत्रमार्गातून एकदा दुर्बीण आत गेली की त्याच वाटेने बरीच कामं उरकतात. मूत्राशय पाहिलं, मूत्रवाहिनीत शिरले, खडा दिसला, लेझरने फोडला, तुकडे बास्केटने ओढून काढले, सूज आहे म्हणून डीजे स्टेंट, म्हणजे आतली नळी, ठेवला. डॉक्टर प्रत्येक पायरी लिहितो, त्याने लिहायलाच हवी. नवख्या कोडरला वाटतं, पायरी तिथे कोड. तसं नसतं. नुसती सिस्टोस्कोपी, म्हणजे ५२०००, ही दुर्बिणीच्या पुढच्या शस्त्रक्रियेत धरलेलीच असते. खडा फोडून त्याचेच तुकडे काढले तर फोडण्याचा कोड लागतो, काढण्याचा निराळा लागत नाही. आपल्याकडे मूतखड्याचं ऑपरेशन म्हटलं की एकच प्रश्न असतो, पॅकेज कितीचं? वडिलांच्या वेळी सोलापूरला आम्हीही तोच विचारला होता. तिकडेही पॅकेज असतंच, फक्त ते कोडच्या पोटात असतं आणि तिथे काय काय आहे हे पाठ असावं लागतं.

डिनायलवाल्या चुका पटकन सांगून टाकते, कारण त्यांत सांगण्यासारखं थोडं आहे. बाहेरून लहरी सोडून खडा फोडण्याच्या उपचाराला, ५०५९० ला, मेडिकेअरच्या, म्हणजे तिथल्या सरकारी विम्याच्या, हिशेबात ९० दिवसांचा ग्लोबल काळ असतो. त्या काळातली संबंधित देखभाल त्याच पैशात धरलेली. एका पेशंटचा उजवीकडचा खडा फोडला आणि काही आठवड्यांनी डावीकडचा. मी दुसऱ्या बिलावर बाजू लिहिली, पण ‘हे आधीच्याशी संबंधित नाही’ सांगणारा ७९ मॉडिफायर विसरले. बिल परत आलं, शेऱ्यात ९७ नंबरचं कारण : याचे पैसे आधीच्या सेवेत दिले आहेत. रात्रपाळीला विमा कंपनीला फोन लावणाऱ्या आमच्या एआर कॉलर मुलाने दुसऱ्या दिवशी मला चिठ्ठी ठेवली, ‘ताई, ७९ टाका आणि पाठवा.’ टाकला, पाठवलं, पैसे आले. तो क्रमांक मी नंतर कधी विसरले नाही. अशा चुका स्वस्त पडतात. वेळ जातो आणि बोलणी बसतात, एवढंच.

आता महागातली.

२०१३ पर्यंत लेझरने खडा फोडून त्याच बाजूला स्टेंट ठेवला की दोन कोड लावायचे, ५२३५३ आणि ५२३३२. हात बसला होता. १ जानेवारी २०१४ पासून दोन्ही कामं एकत्र सांगणारा नवा कोड आला, ५२३५६, आणि एकाच बाजूला दोन्ही केलं असेल तर जुनी जोडी लावायची नाही, असं पुस्तकात स्वच्छ लिहिलेलं होतं. डिसेंबरात त्याचं ट्रेनिंगही झालं होतं. मी त्या दिवशी रजेवर होते असं सांगायला आवडलं असतं, पण मी हजर होते. मला वाटलं, माझ्या एक्सेलच्या यादीत नंतर बदल करून घेऊ. यादी तशीच राहिली.

जानेवारीत जुनी जोडी टाकली की सॉफ्टवेअर लाल खूण दाखवून अडवायला लागलं. मेडिकेअरने १९९६ पासून कोडच्या जोड्यांची एक यादी चालवली आहे, कुठला कोड कुठल्याबरोबर चालत नाही ते सांगणारी. त्यातल्या अशा प्रत्येक अटीला आम्ही एडिट म्हणतो. काही जोड्यांना अजिबात सूट नसते, काहींना असते, कारण डाव्या बाजूचा खडा फोडून उजव्या बाजूला स्टेंट ठेवला तर ती खरंच दोन वेगळी कामं असतात. अशा वेळी ५९ मॉडिफायर लावायचा. म्हणजे ‘ही दोन कामं वेगळी होती’ असं सांगायचं. माझ्या चार्टमध्ये बाजू एकच होती. पण ५९ लावला की लाल खूण जाते एवढं मला ठाऊक होतं आणि त्या दिवशीचं टार्गेट बाकी होतं. मी ५९ लावला. लाल खूण गेली. पुढच्या चार्टलाही लावला.

बिलं मंजूर झाली. एकही परत आलं नाही. उलट त्या तिमाहीत माझा डिनायलचा आकडा टीममध्ये सगळ्यात कमी होता आणि शुक्रवारच्या मीटिंगमध्ये माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. त्या टाळ्या मला अजून छळतात.

पुढे त्या डॉक्टरांच्या ग्रुपने बाहेरच्या लोकांकडून ऑडिट करून घेतलं, त्यात नमुन्यादाखल माझी बिलं निघाली. एका नमुन्यावरून मग सगळा ढीग उपसावा लागला. आमच्या लीड नागपूरच्या. आवाज कधी चढवत नाहीत. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. “एडिट म्हणजे प्रश्न असतो गं. तू त्याचं उत्तर दिलं नाहीस, डॉक्टरच्या नावाने सही ठोकून दिलीस.”

ते खरंच होतं. बिल डॉक्टरच्या नावाने जातं. मी लावलेला ५९ म्हणजे डॉक्टरने सरकारला दिलेलं खोटं निवेदन. अमेरिकेत खोट्या दाव्यांविरुद्धचा जो कायदा अजून वापरात आहे तो १८६३ चा, यादवी युद्धात सैन्याला निकृष्ट माल विकणाऱ्या ठेकेदारांसाठी लिंकनच्या काळात केलेला. त्यात नुकसानीच्या तिप्पट वसुलीची तरतूद आहे. नजरचूक झाली तर त्याखाली कुणी लगेच खेचत नाही. पण जास्तीचे पैसे मिळाल्याचं समजल्यावरही ते ठेवून घेतले, तर मात्र नजरचूक म्हणता येत नाही. मेडिकेअरचे जास्तीचे पैसे लक्षात आल्यावर परत करायला ६० दिवसांची मुदत २०१० च्या कायद्याने घालून दिलेली आहे. ग्रुपने पैसे परत केले. कंपनीने मला काढलं नाही, काही महिने माझा प्रत्येक चार्ट दुसऱ्याच्या नजरेखालून गेला. २०१५ च्या जानेवारीत मेडिकेअरने ५९ च्या जोडीला चार नवे, जास्त नेमके मॉडिफायर आणले, कारण ५९ चा वापर फार सैल झाला होता. ती सूचना वाचताना मला ती माझ्यासाठीच काढली आहे असं वाटलं होतं.

त्यानंतर मी घाबरले, आणि घाबरलेला कोडर काय करतो? खालचा कोड लावतो. ही चूक मला बरेच दिवस चूक वाटलीच नाही, कुणाचे पैसे लाटले नाहीत ना, मग झालं.

मूत्राशयातली गाठ दुर्बिणीतून काढण्याचे कोड आकाराप्रमाणे आहेत. अर्ध्या सेंटिमीटरच्या आतली बारीक असेल तर ५२२२४, दोन सेंटिमीटरपर्यंत ५२२३४, दोन ते पाच ५२२३५, पाचच्या वर ५२२४०. डॉक्टर मंडळी आकार लिहायला विसरतात. लिहितात, ‘मोठी गाठ, पूर्ण काढली.’ मोठी म्हणजे केवढी? पूर्वी अशा वेळी मी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट उघडायचे आणि तिथला आकडा घ्यायचे. तोही चुकीचा रस्ता होता, कारण पॅथॉलॉजिस्ट डबीत आलेल्या तुकड्यांचा ढीग मोजतो, मूत्राशयात गाठ केवढी होती हे त्याला माहीत नसतं. ऑडिटनंतर ते सोडलं आणि आकार नसेल तिथे डोळे मिटून सगळ्यात खालचा कोड लावायला लागले. क्वेरी पाठवून डॉक्टरला विचारता आलं असतं. नाही विचारलं.

का नाही, ते खरं खरं सांगते. क्वेरी पाठवली की चार्ट होल्डवर जातो आणि दिवसाच्या टार्गेटमध्ये धरला जात नाही. जास्त क्वेऱ्या गेल्या की क्लायंट कुरकुरतो, मग लीडना मेल येतो. शिवाय अमेरिकेतल्या सर्जनला पुण्यातल्या मायक्रोबायॉलॉजीच्या बी.एस्सी.ने विचारायचं, ‘सर, गाठ नेमकी केवढी होती?’ याचा मला संकोच वाटायचा. तो संकोच मी सभ्यपणा समजत होते.

एका सर्जनच्या लक्षात आलं की अख्खी दुपार उभं राहून काढलेल्या गाठीचे पैसे त्याला बारक्या गाठीच्या दराने मिळत आहेत. त्याचा मेल मी वाचला आहे, त्यात एकही अपशब्द नव्हता. त्याने एवढंच विचारलं होतं की कुणी विचारलं का नाही, मी सांगितलं असतं. मेडिकेअरकडे दावा करायची मुदत सेवेच्या तारखेपासून एक वर्ष. तोवर आधीच्या बऱ्याच बिलांची मुदत उलटून गेली होती. खालच्या कोडवर विमा कंपनी हूं की चूं करत नाही, ती कशाला करेल? तेव्हा हीही मंजूर झालेलीच चूक, फक्त पैसे दुसऱ्या दिशेला गेले.

यानंतर जी सांगायची आहे ती पैशांची नाही.

२०१५ च्या १ ऑक्टोबरला अमेरिकेने निदानाची नवी यादी, आयसीडी-१०, घेतली. सुमारे १४ हजार कोडांवरून आम्ही एकदम ७० हजारांच्या आसपास गेलो. त्या गडबडीत मी काही काळ हॉस्पिटलमध्ये भरती असलेल्या पेशंटांच्या कोडिंगला मदत केली आणि तिथला एक नियम अंगात मुरला : डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरने ‘अमुक असण्याची शक्यता’ लिहिलं असेल तर ते निदान आहे असंच धरून कोड लावायचा. बाह्यरुग्ण विभागात आणि डॉक्टरच्या बिलात नियम बरोबर उलटा आहे. तिथे संशय, शक्यता, ‘नाकारता येत नाही’, यांतलं काहीही निदान म्हणून लावायचं नाही. लावायचं ते लक्षण, किंवा तपासणीत जे वाढलेलं दिसलं ते.

मी युरॉलॉजीला परतले. एका पेशंटची पीएसए, म्हणजे प्रोस्टेटसाठीच्या रक्ततपासणीतला आकडा, वाढलेली, म्हणून प्रोस्टेटची बायोप्सी. नोटेत निदानाच्या रकान्यात प्रोस्टेट कॅन्सरचा संशय. लावायला हवा होता वाढलेल्या पीएसएचा कोड, किंवा थांबायला हवं होतं पॅथॉलॉजीसाठी. मी सी६१ लावला, म्हणजे प्रोस्टेटचा कॅन्सर. बिल मंजूर झालं. कॅन्सरच्या निदानावर बायोप्सी अडवेल कोण?

बायोप्सीत काही निघालं नाही. मला ते कळलं पुढच्या भेटीचा चार्ट योगायोगाने माझ्याकडेच आला तेव्हा. रिपोर्ट साफ, आणि आधीच्या बिलांच्या यादीत माझा सी६१. मी स्वतःहून लीडना दाखवलं, सुधारित दावा गेला. पण दावा सुधारला म्हणून सगळं पुसलं जात नाही. जिथे जिथे ते निदान आधीच नोंदलं गेलं असेल तिथून ते काढायला कुणी जात नाही. तो माणूस विमा कंपनीच्या कागदावर काही काळ कॅन्सरचा रोगी होता. त्याला ते कधी कळलं का, कळलं तेव्हा तो घरी एकटा होता का, हे विचारायची सोय माझ्याकडे नव्हती. आमच्या फ्लोअरवर मोबाइल, कागद, पेन काहीच नेता येत नाही, पेशंटच्या गोपनीयतेसाठी. हे योग्यच आहे. पण त्यामुळे पेशंट म्हणजे स्क्रीनवरचा एक नंबर होऊन बसतो, आणि नंबरला कॅन्सर लावताना हात थरथरत नाही.

आणि दोऱ्याची गोष्ट. मूतखड्याच्या ऑपरेशननंतर ठेवलेला स्टेंट नंतर काढावा लागतो. बहुधा दुर्बीण घालून चिमट्याने काढतात, त्याचा कोड ५२३१०. पण कधी कधी सर्जन स्टेंटला बांधलेला दोरा बाहेर ठेवतो आणि काही दिवसांनी तो नुसता ओढला की स्टेंट येतो. दुर्बीण नाही, म्हणजे ५२३१० नाही. फार तर डॉक्टरला भेटल्याचं बिल. एका क्लिनिकच्या नोटा साच्यातून आलेल्या असत : ‘स्टेंट काढला. पेशंटला त्रास झाला नाही.’ कसा काढला, त्याबद्दल अक्षर नाही. मी गृहीत धरलं, दुर्बिणीनेच काढला असणार, नाहीतर कसा निघेल? ५२३१०, पुढचा चार्ट. कुठलंही एडिट आडवं आलं नाही, कुठलंही डिनायल आलं नाही, आमच्या ऑडिटरच्याही हातून सुटलं, कारण तोही माझ्यासारखाच कागदावरच्या रिकाम्या जागेत स्वतःची समजूत भरत होता.

ही चूक पकडली पेशंटने. विमा कंपनीकडून आलेल्या हिशेबाच्या कागदावर त्याला शस्त्रक्रिया दिसली आणि त्यातला त्याच्या वाट्याचा भाग दिसला. त्याने क्लिनिकला फोन करून सांगितलं, माझ्या अंगात कुणी कॅमेरा घातलेला नाही, नर्सने दोरा ओढला आणि मी घरी गेलो. क्लिनिकने चौकशी केली, तो म्हणत होता तेच खरं निघालं. मग त्या साच्यातल्या सगळ्या नोटा पुन्हा काढाव्या लागल्या, पैसे परत गेले, साचा बदलला.

सॉफ्टवेअर, ऑडिटर, विमा कंपनी, सर्टिफिकेट मिळवलेली मी, सगळ्यांच्या हातून जे सुटलं ते त्या एका माणसाने पकडलं. कारण त्या खोलीत आमच्यापैकी तो एकटाच होता.

म्हणून तुमची मुलगी न्यू जर्सीत असेल, भाऊ डॅलसला असेल किंवा तुम्ही स्वतःच तिकडे सहा महिने राहायला जाणार असाल, तर एक विनंती. तिकडे उपचार झाल्यावर विमा कंपनीकडून ‘एक्सप्लनेशन ऑफ बेनिफिट्स’ नावाचा कागद येतो. त्यावर ‘हे बिल नाही’ असं छापलेलं असतं, म्हणून बहुतेक लोक तो न वाचता बाजूला ठेवतात. तो वाचा. तारीख बघा, काय केलं म्हणून लिहिलंय ते बघा, डावं-उजवं बघा, तुमच्यावर जे झालंच नाही ते त्यात आहे का बघा. शंका आली तर दवाखान्याकडून तपशीलवार बिल आणि नोट मागून घ्या. निदान चुकीचं लिहिलेलं दिसलं तर फोनवर समाधान करून घेऊ नका, नोंद दुरुस्त करण्याचा लेखी अर्ज द्या. तो अधिकार तिथल्या हिपा कायद्याने प्रत्येक पेशंटला दिलेला आहे. अर्जावर निर्णय द्यायला दवाखान्याला ६० दिवस मिळतात, आणि त्याहून वेळ हवा असेल तर आणखी फक्त ३० दिवस, तेही कारण लेखी कळवून.